तेलाची पाच भोकं

पांढऱ्या मांजरपाटावर तांबडा ठिपका दिसला, तेव्हा मी आधी राहीची बोटं मोजली.

मोजली म्हणजे खरोखरच मोजली. हातांची दहा, पायांची दहा. मग तोंड उघडून हिरड्या बघितल्या, कानांच्या मागे बघितलं, गुडघे, कोपरं. दीड वर्षाची पोर माझ्या मांडीवर उताणी पडून खिदळत होती. तिला वाटत होतं, आई खेळतेय.

"अगं, पोरीला उलटीसुलटी काय करायलीस? बाजारातलं वांगं हाय व्हय ते?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"गोधडीवर रक्त दिसतंय, आई."

"कुणाचं?"

"तेच बघतेय."

राहीचं नव्हतं. माझीही बोटं धड होती. आणि तरी सुईच्या बरोब्बर खाली तो ठिपका होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा उमटत होता. मी ओल्या फडक्यानं टिपून घेतलं, राहीला खाली ठेवलं आणि पायडलवर पाय दाबला. मशीननं दोन टाके घातले, तिसऱ्याला आतून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि चाक जागच्या जागी थांबलं. मागे जाईना, पुढे जाईना.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. दसरा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. बार्शीतलं आमचं घर, पुढच्या खोलीत खिडकीखाली ते काळं, जड मशीन. सासूबाईंनी त्यावर तीस वर्षं गोधड्या शिवल्या होत्या. जुनं लुगडं, मधे चिंध्यांचे दोन थर, वर नवं कापड, असं चारपदरी जाड काम ते न कुरकुरता ओढायचं. गुडघे गेले तसं त्यांनी पायडल सोडलं आणि माझ्या लग्नानंतर महिनाभरात मला म्हणाल्या, "बस हितं." मिरजेला मी एका प्रयोगशाळेत काम करत होते. बी.एस्सी. केमिस्ट्री. ते सगळं मागे राहिलं. राही झाल्यावर तर मला गॅसचं बटण चार वेळा बघितल्याशिवाय झोप लागत नसे. त्या घरात, त्या वर्षांत, ज्यावर बसलं की माझे हात शांत व्हायचे अशी एकच जागा होती, त्या मशीनपुढची.

आणि येत्या रविवारी नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. बाळंतविडा आमच्याकडून जायचा. झबली-टोपडी, तूप, डिंकाचे लाडू हे सगळं झालं होतं. गोधडी तेवढी राहिली होती, निम्मी शिवलेली, सुईखाली अडकून पडलेली. आज गुरुवार.

हणमंत मिस्त्री दुपारी आला. हा घरचाच माणूस, वीस वर्षं आमचं मशीन बघणारा. त्यानं चाकाला दोन्ही हातांनी जोर लावून बघितला, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "वहिनी, तेल कधी घातलं हुतं?"

"दर शनिवारी घालते."

"शनिवारी?" तो हसला. "मग ते मारुतीला घातलं असंल. ह्यात तर थेंब न्हाई. आतला दांडा कोरडा पडून धरलाय."

सासूबाईसुद्धा हसल्या. मी हसले नाही. दर शनिवारी, राही झोपली की, मशीनच्या अंगावरच्या पाचही भोकांत मी दोन-दोन थेंब तेल सोडत होते. वर साचलेलं जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून घेत होते. एक शनिवार चुकला नव्हता. पण हे सिद्ध कसं करायचं? तेल घातल्याची काय पावती असते?

"हे आता मोडीत, काकू," हणमंत म्हणाला. "उद्या चारला टेंपो घिऊन येतो. हे मी नेतो, त्या बदल्यात नवं पांढरं मशीन देतो. हलकं, गुमान चालतंय."

"त्याच्यावर गोधडी होईल?" मी विचारलं.

"चादरीला दुमड घाला की. गोधडी काय, दुकानात मिळती आता. पिशवीसकट."

 सासूबाईंचं बोट नकळत मशीनच्या काळ्या पाठीवरून फिरत होतं. मग म्हणाल्या, "पोरीनंच कायतरी कोंबलं असणार आत. परवा रेडिओत बटणं घालत हुती." आणि माझ्याकडे वळून, "तू एवढी तपासणी अधिकारी. गॅस चारदा बघतीस, कडी तीनदा बघतीस. आन् हेच दिसलं न्हाई?"

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकून बोलल्या.

नवऱ्याला, गिरीशला, फोन केला. तो महिनाभर लातूरला ट्रेनिंगला होता. "जाऊ दे ना मृणाल," तो म्हणाला, "नवं आलं तर बरंच की. तुझाही एक घोर कमी." माझे घोर कमी करायची त्याला फार हौस. कोणता घोर माझ्या कामाचा आहे आणि कोणता नाही, हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी राहीला अंघोळ घातली, खिमट भरवलं आणि मग सासूबाईंना विचारलं, "आई, चार वाजेपर्यंत मशीन माझं आहे ना?"

"तुझंच हाय की. मोडकं हाय तवर तुझंच."

"मग मी उघडते."

त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "तू उघडतीस? हणमंताला जमलं न्हाई ते?"

"हणमंतानं उघडलंच नाही, आई. त्यानं नुसता जोर लावला."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीची तोटी अडकली की आम्ही मुली दात-ओठ खाऊन ती फिरवायला जायचो. तिथले एक जुने शिपाई होते, लोखंडेकाका. ते धावत यायचे. "जोर लावू नका ताई, फुटंल. ऊब द्या आन् वाट बघा." तीन वर्षांच्या शिक्षणातलं नेमकं तेवढं एक वाक्य मला त्या सकाळी आठवत होतं.

मी अप्पेपात्र काढलं. स्क्रू ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं एकेका खळग्यात, म्हणजे परत बसवताना गोंधळ नको.

"आता स्क्रूचे अप्पे घालणार?" सासूबाई राहीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. राही हात पसरून माझ्याकडे झेपावत होती. त्या तिला आत नेतील असं वाटलं, पण नेलं नाही. तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

गोधडी हळूच सोडवून घेतली, सुई काढली, पहिल्या खळग्यात ठेवली. मग कापड दाबून धरणारा फूट. मग भोकांकडे वळले. बारीक टाचणी घेऊन वरच्या पहिल्या भोकात घातली. ती तांदळाच्या दाण्याएवढी आत गेली आणि थांबली. दुसऱ्यात तेवढीच. तिसऱ्यातही. ही भोकं बोटभर खोल असायला हवीत. मी टाचणीनं खरवडायला लागले, तेव्हा सुकलेल्या डिंकासारखा एक खडा निघाला. काळपट दिसत होता. कागदावर ठेवून नखानं फोडला, तर आतून लाल.

रक्त नव्हतं ते. नाकाशी धरलं. वास ओळखीचा होता, रोजचा होता, पण त्या काळ्या लोखंडाजवळ तो इतका परका वाटत होता, की नाव सुचेना.

"काय निघालं?" उंबऱ्यावरून आवाज.

"बघते."

सुईखालच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले. पत्रा उचलला. खाली कापडाचा भुसा, दोऱ्यांची लेंडकं, हे असतंच. मी जुन्या टूथब्रशनं ते झाडलं. आणि त्याखाली, खालच्या दोऱ्याचं शटल फिरतं त्या खाचेत, चिकटून बसलेले तीन दाणे होते. अख्खे. टोकदार. लाल.

तांदूळ. अक्षता.

वास कुठला ते मला त्या क्षणी कळलं. देवघराचा. समईच्या तेलाचा, कुंकवाचा, कापराचा.

खंडेनवमीला आमच्या घरात मशीनची पूजा होते. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. सासूबाई सकाळी त्याला ओल्या फडक्यानं पुसतात, झेंडूची माळ घालतात, आणि मग, हे मी तीन वर्षं हात जोडून शेजारी उभी राहून बघितलं होतं, त्याच्या अंगावर हळदी-कुंकवाची पाच बोटं लावतात. भोकांवरच. कारण ती पाच भोकं जणू त्यासाठीच केल्यासारखी ओळीनं होती. वर अक्षता. आणि शेवटी समईतलं तिळाचं तेल पळीभर, "देवाचं तेल त्यालाबी." इतकी वर्षं, दर नवमीला. कुंकू आणि समईचं तेल मिळून त्याचं डिंकासारखं घट्ट लुकण झालं होतं, आणि माझं शनिवारचं तेल त्याच्यावर नुसतं तरंगत होतं. मी मोठ्या काळजीनं ते दर आठवड्याला पुसून घेत होते. यंदा वरच्या थरातलं थोडं कुंकू तेवढं ओघळून सुईवाटे खाली आलं होतं.

मी वर बघितलं. सासूबाई माझ्या तळहाताकडे बघत होत्या.

म्हणता आलं असतं. जिभेवर आलंच होतं. पोरीनं नाही, आई, आणि मीही नाही. पण ते गिळून मी अप्पेपात्रातल्या रिकाम्या खळग्यात ते तीन दाणे ठेवले आणि रबराची गरम पाण्याची पिशवी मशीनच्या पाठीवर धरली. लोखंडेकाकांची ऊब.

सासूबाई उठल्या. राहीला माझ्या शेजारी बसवून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. आतून तवा ठेवल्याचा आवाज आला. दोन मिनिटांनी त्या धोतराची जाड घडी घेऊन आल्या, तव्यावर तापवलेली. गालाला लावून तिची ऊब पारखली आणि मला म्हणाल्या, "सर. शेक आसा देत न्हाईत."

राहीच्या वेळी माझ्या पाठीला आणि तिच्या इवल्याशा पोटाला त्यांनी चाळीस दिवस शेक दिला होता. तसाच, अगदी तसाच, मशीनच्या मानेपासून चाकापर्यंत त्या घडी दाबत गेल्या. निवली की आत जाऊन दुसरी आणायच्या.  सात-आठ घड्या झाल्या तसा भोकातला थर मऊ पडला आणि टाचणीला धरून तारेसारखा वर यायला लागला.

"आता रॉकेल लागेल," मी म्हणाले. "पण आधी गॅस बंद."

"केला."

मी उठले.

"जा, बघून ये," त्या म्हणाल्या. "चारदा बघ." पण ह्या वेळी त्या टोमण्याला धार नव्हती.

गॅस बंद होता. रेग्युलेटरही बंद केला, देवघरातली समई शांत झालीय ना बघितलं, खिडक्या उघडल्या, राहीला मागच्या अंगणात घेऊन सासूबाई बसल्या, आणि मी ड्रॉपरनं पाचही भोकांत रॉकेल सोडलं. वाट बघितली. पुन्हा सोडलं. चाकाला जोर लावायचा नाही, नुसतं डावीकडे-उजवीकडे डोलवत राहायचं, झोळी हलवतो तसं. साडेबारा. एक. खालच्या ताटलीत लाल पाणी ठिबकत होतं. दीडच्या सुमाराला चाक एक सूत हललं.

एक सूत. पण हललं!

अडीचला ते अर्धं फिरलं. मग पाऊण. मग एकदम, काही झालंच नव्हतं अशा थाटात, पूर्ण गोल. मी ओरडलेच असणार, कारण सासूबाई राहीला काखोटीला मारून धावत आल्या. मी सगळं कोरडं पुसलं, मशीनचं तेल घेतलं आणि पहिल्या भोकात एक थेंब सोडला. तो वर थांबला नाही. गुटकन आत गेला. दुसरा थेंब. तोही गेला. तीन वर्षं मी त्याला तेल पाजत होते, आणि त्याच्या घशाखाली ते पहिल्यांदा आज उतरत होतं.

परत बसवताना उलट्या क्रमानं एकेक स्क्रू उचलत गेले, आणि शेवटून तिसरा खळगा रिकामा निघाला. मी राहीकडे बघितलं. राहीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, गाल फुगलेला.  बोट घालून तोंड उघडलं, तर आत मनुका. "आताच दिलीय म्या," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. स्क्रू सापडला टाचण्यांच्या चुंबकाला चिकटलेला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो, की राही घाबरून रडायला लागली.

चार वाजता दारात टेंपो थांबला. हणमंत आत आला आणि तिथेच थबकला, कारण खिडकीखाली मी पायडल मारत होते. चार पदर सुईखालून सुळसुळत पुढे चालले होते. कालचा तो दात खाल्ल्यासारखा आवाजही उरला नव्हता; दाण्यांची रास ओतल्यासारखी एकसारखी सळसळ.

"कुठला मिस्त्री आणला हुता?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "ही हाय की."

तो पुढे आला. मी थांबले. त्यानं चाकावर एक बोट ठेवलं आणि फिरवलं. एका बोटानं ते फिरलं. त्यानं भोकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय निघालं वो आत, वहिनी?"

"धूळ होती," मी म्हणाले.

"धूळ कशाची?" सासूबाईंनी अप्पेपात्र उचलून त्याच्या नाकापुढे धरलं. "हे बघ. माझं कुंकू हाय, माझ्या अक्षता हायत. दर नवमीला म्याच कोंबल्यात, हौसेनं. ही दर शनिवारी तेल घालती, म्या बघितलंय. ते आत जाऊच देत न्हवते म्या." त्यांनी दम घेतला. "आन् तू रं? वीस वरसं मशीन बघतुयास. भोकात टाचणी घालून बघितलीस का एकदा तरी? म्हणं मारुतीला घातलं!"

हणमंतानं टोपी काढून डोकं खाजवलं. "चुकलं काकू."

"मला काय सांगतुयास? तिला सांग."

"चुकलं वहिनी." मग अगदी मनापासून, "माझ्या दुकानात दोन अशीच अडकल्याली पडल्यात. तुमी एकदा हात लावून—"

"तिला येळ न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "गोधडी व्हायची हाय. चहा पी आन् जा."

टेंपो रिकामा गेला. मी खिडकीतून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले.

शनिवारी दुपारी शेवटचा टाका पडला. ते दोन तांबूस ठिपके धुऊनही पुसटसे राहिले होते. त्यांच्यावर ठिगळ लावू का, असं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कशाला? नव्या कापडाला कुंकू लावत्यातच की." रविवारी बाळ त्यावर असं गाढ झोपलं, की नाव ठेवायलासुद्धा त्याला उठवावं लागलं.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. आदल्या दिवशी मी मशीन उघडून साफ केलं होतं, तेल दिलं होतं, पाच भोकांवर कागदाची पाच इवली टोपणं बसवली होती. सासूबाईंनी ते पुसलं, झेंडूची माळ घातली. हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन भोकांपाशी बोट नेलं, आणि थांबल्या. मग मशीनपुढे एक विड्याचं पान ठेवलं, त्यावर अक्षता वाहिल्या. समईचं तेल समईतच राहू दिलं.

"हात पुढं कर," त्या मला म्हणाल्या.

"कशाला?"

"हत्याराची पूजा हाय आज. कर पुढं."

माझ्या नखांत कालचं तेल अजून काळं होतं. मी हात पदराला पुसायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे तसंच." आणि एकेका बोटाच्या टोकावर हळद लावली, मग कुंकू. पाचही बोटांवर. त्यांनी हात जोडले. मला काय करावं कळेना. मी तशीच हात पसरून उभी.

अडीच वर्षांची राही आमच्या दोघींच्या मधे शिरली. तिनं माझा हात खाली ओढला, लाल बोटं बघितली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पहिलं बोट धरून तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं, नखाखाली बघितलं. मग दुसरं. "एक," ती म्हणाली. "दोन."

"आली बघा," सासूबाई म्हणाल्या, "घरातली दुसरी तपासणी अधिकारी." आणि पोरीचं मोजून होईपर्यंत त्यांनी मला हात हलवू दिला नाही.